सोवळ्यातली मॅच

घर पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी मला तीन अटी सांगितल्या. पाणी सकाळी सहा ते सात येतं, तेवढ्यात भरून घ्यायचं. गच्चीवर काही वाळत घालायचं असेल तर शेजारच्या बेनना विचारायचं, कारण गच्ची कागदोपत्री सगळ्यांची असली तरी प्रत्यक्षात त्यांची आहे. आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत फुटबॉल, युरोप आणि हवामान या तीन विषयांवर त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही.

मी तिन्हींना मान डोलावली. बदली होऊन सुरतेत आल्याला महिना झाला होता, लॉजवर राहून जीव मेटाकुटीला आला होता, आणि एकट्या बाईला घर म्हटलं की लोक आधी नवरा कुठं आहे ते विचारत होते. या गृहस्थांनी ते विचारलं नाही. त्यांना फक्त मी फुटबॉल बघते का एवढंच जाणून घ्यायचं होतं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मग तर फारच छान," म्हणाले, "सामान केव्हा आणता?"

फुटबॉलचं समजलं, युरोपचंही समजलं. हवामानाचा उलगडा मला दोन महिन्यांनी झाला. त्यांच्या जुन्या ऑफिसातला कुणीतरी एकदा सहज बोलून गेला होता की काल तिकडं धो धो पाऊस होता म्हणे. घरमालकांनी, म्हणजे काकांनी, तेवढ्यावरून ताडलं की मैदान ओलं असणार, छोटे छोटे पास देणाऱ्या संघाची गोची झाली असणार, म्हणजे जर्मन जिंकले असणार. जर्मन जिंकलेच होते. "निम्मी मॅच त्या माणसानं तिथंच संपवली," असं ते अजून चिडून सांगत.

काका कालवा खात्यात हेड ड्राफ्ट्समन होते. मूळचे साताऱ्याकडचे, पण चाळीस वर्षं सुरतेत काढल्यामुळं बोलण्यात मध्येच 'हा ने' आणि 'बराबर' यायचं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कतारगामच्या कडेला एका जुन्या सोसायटीत खाली ते, वर मी. खिशात कायम टोक केलेली पेन्सिल, आणि घरात प्रत्येक गोष्टीवर नकाशावर लिहितात तसल्या उभ्या, सरळ अक्षरात चिठ्ठी. साखरेच्या डब्यावर 'साखर' लिहिलेलं मी समजू शकते. दाराच्या आतल्या बाजूला 'बाहेर' असं लिहिलेलं मी त्यांच्याकडेच पाहिलं.

युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेचे सामने आपल्याकडं मध्यरात्रीनंतर लागतात. काकांना डॉक्टरांनी जागरणाला सक्त मनाई केली होती आणि वर झोपेची गोळी दिली होती. तेव्हा मॅच टीव्हीच्या डब्यात आपोआप रेकॉर्ड व्हायची आणि काका ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बघायचे. मधल्या वेळात निकाल कानावर पडू नये म्हणून ते जे काही करायचे त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं सोवळं.

"आमची आई सोवळ्यात असली की आम्ही पोरं मुद्दाम तिला शिवायला धावायचो," ते सांगत. "आयुष्यभर टिंगल केली तिची. आता मी सोवळ्यात असतो आणि सगळं सुरत मला शिवायला टपलेलं असतं."

त्यांचं सोवळं आईच्या सोवळ्यापेक्षा कडक असावं. मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात. फाटकावर पाटी, मराठीत आणि गुजरातीत: 'आज सोवळं'. सकाळचं वर्तमानपत्र दोरी बांधूनच यायचं. ते मी वर नेऊन खेळाचं पान काढून घ्यायची आणि उरलेलं खाली द्यायची. हे काम कधी माझ्या गळ्यात पडलं ते मला कळलंही नाही. दुधाला जाताना कानात कापूस आणि नजर जमिनीवर. कारण निकाल माणसाच्या तोंडावर दिसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. खाली बघून चालायच्या सवयीनं ते सोसायटीतल्या झाडून सगळ्यांना त्यांच्या चपलांवरून ओळखायचे. माझी नवी सँडल पाहून एकदा मलाच "कोण हवंय आपल्याला?" असं विचारलं होतं.

सोसायटीनं हे सगळं सांभाळून घेतलं होतं. पाटी दिसली की भाजीवाला ओरडायचा थांबे. शेजारच्या बेन तर इतक्या काळजीनं वागायच्या की त्यांनीच एकदा घात केला. त्यांच्या मुलाला फुटबॉलचं वेड. सकाळी काका कापूस घालून दारासमोरच्या पायऱ्या उतरताना बेन समोर आल्या, अगदी जवळ येऊन, प्रेमानं, कापसातूनही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, तमे चिंता ना करो. तमारी टीम हारी गई, ए वात हुं तमने नहीं कहुं."

काका तिथंच पायरीवर बसले. ही गोष्ट मी राहायला येण्याच्या आधीच्या वर्षातली, पण सांगताना अजून त्यांचा आवाज पडायचा. तरी तिचा शेवट ते अभिमानानं सांगत. "संध्याकाळी आप्पा आला. मी पाटी काढली नव्हती, कापूस काढला नव्हता. शेवटपर्यंत बसलो, हळहळलो, एकदा उठून उभासुद्धा राहिलो. आप्पाला कळू दिलं नाही. त्याचं सोवळं मी मोडलं नाही."

आता आप्पांविषयी सांगायला हवं, कारण पाच वाजताची वेळ त्यांच्यामुळं होती.

आप्पा खानदेशातले, अमळनेरच्या बाजूचे. कतारगामात एका कारखान्यात लूमचे मास्टर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. रातपाळी, संध्याकाळी सात ते सकाळी सात. बायकामुलं गावाकडं, इथं चौघांत मिळून एक खोली. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं आप्पांना थोडं कमी ऐकू यायचं आणि ते बोलायचेही कमी. दोघांची गाठ गॅसच्या रांगेत पडली. काका कापूस घालून, मान खाली घालून उभे. मागच्या माणसानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, कान दुखतो का. काकांनी कारण सांगितलं. कारण ऐकून लोक हसतात किंवा लगेच निकाल सांगतात, असा काकांचा अनुभव. हा माणूस घाईघाईनं म्हणाला, "सांगू नका भाऊ, मी बी देखेल नही. मी रातपाळीले व्हतू."

आपल्याला निकाल सांगू नका म्हणणारा दुसरा माणूस काकांना सुरत शहरात प्रथमच भेटत होता. त्याच संध्याकाळी पाच वाजता आप्पा पहिल्यांदा घरी आले.

तेव्हापासून नेम ठरला. आप्पा साडेतीनला उठणार, अंघोळ करणार, सायकलवर डबा लटकवून पावणेपाचला फाटकात. काका चहा करणार. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, तोंडं टीव्हीकडं. पाच ते पावणेसात मॅच, आणि तिथूनच आप्पा थेट कारखान्यात. मॅच चालू असताना बोलायचं काम काकांचं. आप्पा बोलत नसत. गोल झाला की मांडीवर हात मारत, बस. मी कधी विरजण मागायच्या निमित्तानं खाली डोकावले तर मला दोघांच्या पाठी दिसायच्या, एक सडपातळ आणि एक रुंद, आणि काकांचा आवाज, "आप्पा, हा डावीकडचा बघ, हा आत येतोय."

काका तसे दिवसभर गप्प असत. मी राहायला आले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की खाली कुणी राहतच नाही. मंगळवार-बुधवारच्या मॅचा असल्या की गुरुवारपर्यंत घराला आवाज असे. मग पुन्हा दोन आठवडे काही नाही.

त्या वर्षीचा हंगाम फार गाजला, हे फुटबॉल न बघणाऱ्या माणसालाही कळत होतं. ॲमस्टरडॅमच्या पोरसवदा संघानं माद्रिदच्या बड्या धेंडांना त्यांच्याच घरी चार गोल घातले, तेव्हा काकांनी मला हाक मारून खाली बोलावलं आणि तोच तो गोल तीनदा दाखवला. मला काडीचं कळलं नाही, पण त्यांचा चेहरा बघायला मजा आली. पोर्तुगालची एक मॅच बरोबरीत सुटून जादा वेळात गेली. घड्याळात पावणेसात. आप्पांना निघायलाच हवं होतं. काकांनी रिमोट उचलला आणि मॅच थांबवली. खेळाडू मैदानावर जिथल्या तिथं उभे.

"उद्या," काका म्हणाले.

"तुम्ही देखी ल्या ना भाऊ," आप्पा चपला घालत म्हणाले.

"उद्या," काका पुन्हा म्हणाले, आणि पाटी दुसऱ्या दिवशीही फाटकावर राहिली. अर्धा तास बाकी असलेली मॅच चोवीस तास तशीच ठेवून हा माणूस जेवला, झोपला, सकाळी कापूस घालून दूध घेऊन आला. मी ऑफिसात हे सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. मीही हसले. घरी येताना मात्र मनात आलं की माझ्यासाठी कुणी कधी काही थांबवून ठेवल्याचं मला आठवत नाही.

मेमध्ये उपांत्य फेरी आली. इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावचा लाल संघ स्पेनमध्ये जाऊन तीन-शून्य हरून आला. परतीची मॅच पुढच्या आठवड्यात, त्यांच्या मैदानावर. काका म्हणाले, "संपलं यांचं." आप्पा नेहमीप्रमाणं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, गावी निघाले. खानदेशी माणूस आखाजीला गावी जाणार म्हणजे जाणारच, त्यात लग्नसराई, कारखानाही चार दिवस बंद. फाटकात सायकल काकांच्या ताब्यात देऊन म्हणाले, "भाऊ, मी चार दिनमा येस. मंग देखूत."

परतीची मॅच नेमकी आखाजीच्या रात्री झाली.

सकाळी मी वर्तमानपत्राचं खेळाचं पान काढायला घेतलं आणि ऑफिसात पोचायच्या आत मला सगळं कळलं. बसमध्ये तेच, टेबलाभोवती तेच. लाल संघानं चार-शून्य केलं होतं. तीन गोलांची पिछाडी फेडून वर एक. जगात त्या दिवशी फुटबॉलचं नाव ऐकलेला प्रत्येक माणूस त्याविषयी बोलत होता, आणि मी संध्याकाळी घरी जाऊन काकांच्या समोरून मान खाली घालून जिना चढले. मला तो खेळ कळत नव्हता, पण जिभेखाली गरम काहीतरी धरून ठेवल्यासारखं झालं होतं.

चार दिवस गेले, आठ दिवस गेले. मोबाईल फक्त रविवारी सकाळी अकराला तांदळातून बाहेर यायचा. काका आप्पांना फोन लावत. प्रकृती, पाऊसपाणी, लग्नं. फुटबॉलचा विषय नाही. "पुढला आठवडामा येस," असं आप्पा म्हणत, आणि फोन परत तांदळात जाई. दुसरी उपांत्य मॅच तशीच रेकॉर्ड झाली, पण ती बघता येईना, कारण तिच्यात पहिलीचा उल्लेख येणार. मग अंतिम सामना झाला. तोही डब्यात. काका टीव्ही लावेनात, कारण बातम्यांच्या खाली पट्टी पळते. निवडणुकीचे निकाल लागले, गल्लीत फटाके फुटले, तर हे खिडक्या लावून बसले. न जाणो, फटाके कशाचे. कोण निवडून आलं ते त्यांना मी वरच्या जिन्यातून सांगितलं.

पाटी उन्हानं फिकी पडली. तेव्हा त्यांनी ती उतरवून अक्षरं पुन्हा गिरवली आणि परत लावली.

लोकांचं सुरुवातीला कौतुक होतं, मग कंटाळा आला. आधी एका दिवसापुरतं न बोलणारी माणसं हळूहळू बोलायचीच बंद झाली. कुणी वाईट नव्हतं. पाटी असलेल्या फाटकाकडं बघायची सवय सुटते, इतकंच. बेन कधीतरी ढोकळ्याची ताटली कठड्यावर ठेवून जात, न बोलता. काका ताटली धुऊन, पुसून, वर 'बेन' अशी चिठ्ठी लावून परत ठेवत. त्या दोन महिन्यांत त्यांच्याशी दिवसाकाठी दोन वाक्यं बोलणारी मीच असेन, आणि मलाही दिवसाकाठी दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी मी वर पातेल्यातूनच खिचडी खायची आणि खाली काकांच्या वाटीचा आवाज यायचा. कधी कधी मला त्यांचा भयंकर राग यायचा. खरं तर ती भीती होती. आणखी तीस वर्षांनी मी कुठल्या गावात कुणाची वाट बघत पाटी लावून बसलेली असेन, असं वाटायचं.

एकदा धीर करून म्हटलं, "काका, मी बसते तुमच्याबरोबर. बघून टाकू."

त्या दिवसांत प्रथमच त्यांनी माझ्या चपलांवरून नजर वर आणली आणि माझ्या तोंडाकडं क्षणभर पाहिलं. लगेच खाली घातली.

"तुम्हाला माहीत आहे," म्हणाले. "ज्याला माहीत आहे त्याच्याबरोबर कसं बघणार? आप्पाला माहीत नाही. तो तिकडं तोंड बांधून बसलाय माझ्यासाठी."

जूनअखेर मी काकांच्या भिंतीवर लावलेल्या फोन नंबरांच्या यादीतून आप्पांचा नंबर घेतला आणि ऑफिसातून फोन केला. कोण बोलतंय ते कळल्यावर ते पहिलं वाक्य म्हणाले ते, "भाऊ बरा शेतस ना?"

मी म्हटलं, बरे नाहीत. तुमची वाट बघतायत. येणार आहात की नाही ते एकदा सांगून टाका.

मग त्यांनी सांगितलं. थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला होता. त्याचं सगळं आता यांनाच करावं लागत होतं. आणि कारखानदारानं जुने माग भंगारात काढून नव्या मशिनी आणल्या होत्या. त्यांना शिकलेली तरुण माणसं लागतात. "आते मन्हं तठे काय काम शे, ताई? पन भाऊले सांगाले जीभ रेटस नही."

मी जरा चिडूनच म्हटलं की निदान मॅच बघायला तरी सांगा. ते आपलं सोवळं मोडत नाहीत, कारण तुम्ही गावी तोंड बांधून बसला आहात अशी त्यांची समजूत आहे.

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमले खरं सांगस. माले ते रातलेच समजी जाये."

कारखान्यात रात्रभर पोरं मोबाईलवर मॅच लावून ठेवत. गोल झाला की मागांच्या वर ओरडा. कान कमी असला तरी डोळे होतेच. प्रत्येक मॅचचा निकाल आप्पांना सकाळी सातलाच ठाऊक असे, आणि संध्याकाळी पाचला ते काकांच्या शेजारी बसून मांडीवर हात मारत. मी विचारलं, सुरुवातीपासून?

"गॅसनी लाइनमा बी ठाऊक व्हतं," आप्पा म्हणाले. "पन तो मानूस कापूस घालीसन एकटा उभा व्हता. मी म्हटं, जाऊ द्या."

लाल संघाची मॅचही त्यांनी आखाजीच्या रात्री गावी पोरांच्या मोबाईलवर पाहिली होती. मग त्यांना आणखी एक आठवलं. शेजारच्या बाईनं काकांना निकाल सांगून टाकला होता तो दिवस. त्या दिवशी काकांचं हळहळणं जरा आधीच सुरू होत होतं, त्यावरून आप्पांनी ओळखलं की भाऊंना कळलेलं आहे. त्यांनी काही दाखवलं नाही. दोघं पावणेदोन तास शेजारी शेजारी बसले, दोघांनाही शेवट माहीत, आणि दोघं एकमेकांसाठी तोंड बंद करून. ऑफिसात माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी फाईल तोंडासमोर धरली.

काकांना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी पाळलं. येत नाही हे मात्र स्वतः सांगा, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी सांगितलं नाही. पुढचे दोन महिने दर रविवारी पुढल्या आठवड्याचा वायदा ऐकू येत राहिला.

सप्टेंबरात एका रविवारी दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. काका कधी वर येत नसत. कठड्याला धरून उभे होते, कानात कापूस नव्हता.

"मंगळवारपासून नवा हंगाम सुरू होतोय," म्हणाले. "जुनं फिटल्याशिवाय नव्यात कसं जायचं? माझं ठीक आहे हो. पण आप्पा चार महिने तिकडं कोंडून बसलाय. त्याच्या घरी माणसं आहेत, टीव्ही आहे, पोरं बोलत असतील, आणि हा आपला कान झाकून बसत असेल. मी वाट बघतो म्हणून तो मोकळा होत नाही. तो आता येत नाही. मला कळलंय. त्या लाल संघाचं काय झालं, सांगा."

मी म्हटलं, "काका, नको. बघा ना तुम्ही."

"सांगा," ते म्हणाले. "मला नको असलं तरी त्याला सांगायचंय."

मी सांगितलं. चार-शून्य, लाल जिंकले.

ते कठड्यावरचा हात न सोडता उभे राहिले. "चार," असं एकदा म्हणाले. "तीन खाऊन चार." मग वळून एकेक पायरी उतरायला लागले, आणि मीही मागोमाग गेले, कारण त्यांना फोनचा स्पीकर लावता येत नसे आणि आप्पांचं बोलणं नुसत्या कानाला नीट ऐकू येत नसे.

फोन लागला. काकांनी प्रकृती विचारली नाही. "आप्पा, सोवळं सुटलं," म्हणाले. "मोकळा हो. चार-शून्य. आपले लाल जिंकले."

"चार?" पलीकडून आवाज आला. "काय सांगतस भाऊ. खरंच चार?"

"चार."

"आन मी आठे रोज पोऱ्यासले दम देस, की कोनी काही बोलू नका म्हनून."

काकांचा चेहरा असा काही उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं. त्या माणसानं चार महिने काय सोसलं असेल याची त्यांना आता खात्री पटली होती. "मला माहीत होतं," ते मला म्हणाले, "हा पाळणार."

"पन भाऊ," आप्पा म्हणाले, "पयला गोल कोनी करा?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मला आकडा ठाऊक होता, बाकी काही नाही. आम्हा तिघांत ती मॅच पाहिलेला एकच माणूस होता आणि तोच विचारत होता.

"मी पाहिली कुठं रे अजून," काका म्हणाले.

"मंग देखा ना आते. माले सांगत ऱ्हा. मी फोन चालूच ठेवस."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. काकांनी फोन आप्पांच्या खुर्चीवर ठेवला, उभा, पाठीला टेकवून. मला तिसरी खुर्ची आणायला सांगितली, ती मी जरा मागं टाकली. टीव्ही लागला. चार महिन्यांचा साचलेला आवाज त्यांच्या गळ्यातून निघायला लागला. सातव्याच मिनिटाला पहिला गोल झाला आणि काकांनी फोनला तो कुणी मारला, कुठून मारला, गोलकीपरनं आधीचा कसा अडवला ते सगळं सांगितलं. "वा भाऊ," फोनमधून आलं. मग मध्यंतरापर्यंत तिकडून काही आलं नाही. आप्पा मॅच चालू असताना बोलत नसत, तेव्हा काकांना त्यात वेगळं काही वाटलं नाही.

उत्तरार्धात दोन मिनिटांत दोन गोल झाले. काका उभे राहिले. "तीन-तीन, आप्पा," ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "बराबरी. आता बघ."

मी फोनकडं पाहिलं. त्याच्यावरचा उजेड गेला होता. कॉल केव्हाच तुटला होता. गावाकडचं नेटवर्क गेलं असेल, किंवा भावाला औषध द्यायची वेळ झाली असेल.

चौथा गोल कोपऱ्यातून झाला. समोरचे सगळे पाठ फिरवून, श्वास घेत उभे होते, तेवढ्यात एका पोरानं पटकन चेंडू मारला आणि आत असलेल्यानं तो जाळ्यात घातला. काका मांडीवर हात मारून खाली बसले. हसत होते, डोळे पुसत होते. "बघितलंस?" रिकाम्या खुर्चीकडं न बघता ते म्हणाले. "आप्पा, यांचं लक्षच नव्हतं रे. कुणाचंच लक्ष नव्हतं."

मी हळूच उठले, फोन खुर्चीवर पालथा ठेवला, आणि परत माझ्या जागेवर जाऊन बसले.